रुमालाखालचं वय

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक चौकोन काढला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही, आजोबा."

मी चौकोन निरखून पाहिला. "शिंगं ऱ्हायली की वो बाई."

त्या हसल्या नाहीत. शेजारी एक गोल काढला. "या आजी." दोघांत आडवी रेघ ओढली, रेघेखाली आणखी एक गोल. "ही मालन." त्या गोलात मधोमध त्यांनी एक ठिपका दिला. मालनच्या खाली एक लहान चौकोन काढला आणि तो पेनानं घासून घासून पुरता काळा केला. तो सिद्धू, माझा नातू. दहा महिन्यांचा.



मला ओळखत नसाल तर सांगतो. मी धुळा हेडी. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. खरसुंडीपासून म्हसवडपर्यंतच्या बाजारांत माझ्या नावावर बैल विकले जायचे आणि माझ्याच नावानं शिव्याही दिल्या जायच्या. बैलाचं वय त्याच्या दातांवर लिहिलेलं असतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला, मग म्हातारा. म्हाताऱ्याला परत सहा दाती करायचं तर दात कानशीनं घासायचे, शिंगं साळून तेल लावायचं आणि उरलेलं काम जिभेवर सोडायचं. एक बैल तर मी इतका तरुण करून विकला, की आठ दिवसांनी गिऱ्हाईक भांडायला आलं. म्हणालं, घरी नेल्यापासून आईसाठी हंबरतोय.

हीच विद्या मी एकदा स्वतःवरही चालवली होती. गजराला बघायला गेलो तेव्हा तिच्या बापाला मी वय सांगितलं छत्तीस. खरं किती होतं ते पुढं येईलच. मिरजेला जाऊन नवी कवळी बसवून घेतली होती, केसांना कलप होता. कागदाचं म्हणाल, तर आमच्याकडं निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे, साल अंदाजानं. माझा दाखला मी लग्न ठरवायच्या वेळी काढून घेतला; त्यावर साल पडलं बेचाळीस, पण तो अंदाज गुरुजींचा नव्हता, माझा होता. पुढं रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, सगळी त्या सालामागं खाली मान घालून चालत आली. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मालन झाली. तेवढी एकच.

तर पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात आम्ही चौघं बसलो होतो. मी, गजरा, जावई आनंदा आणि त्याची आई यसूबाई. मालन वरच्या मजल्यावर पोराजवळ होती. सिद्धू रांगताना उंबऱ्यावर आपटला आणि त्याचा ओठ आतून फाटला. पोरं आपटतातच. पण याचं रक्त तीन दिवस थांबलं नाही. पुण्याला आणल्यावर कळलं, रक्त गोठायला जे लागतं, तेच त्याच्या अंगात तयार होत नाही. मग आम्हा सगळ्यांची रक्तं तपासायला मुंबईला गेली. मधल्या काळात त्याचे दात यायला लागले, हिरडी थांबेना, म्हणून पुन्हा भरती केला. आज दुपारी त्याला सोडणार होते, आणि आजच मुंबईचा निकाल आला होता.

"हा दोष आईकडून मुलाला येतो," बाई म्हणाल्या. "मुलींना स्वतःला बहुधा त्रास होत नाही, पण त्या तो पुढं देतात. मालनमध्ये तो आहे. आजींच्या रक्तात मात्र नाही."

"आन बापात?" यसूबाईंनी विचारलं.

"आजोबांमध्ये असता तर त्यांना स्वतःलाच हा आजार झाला असता."

"कानशीनं धा येळा बोट कापलंय," मी म्हणालो. "थुकी लावली की बंद."

यसूबाईंनी पदर सावरला. "आईत न्हाई, बापात न्हाई. मग पोरीत आलं कुठनं?"

प्रश्न डॉक्टरांना होता. बघत होत्या त्या गजराकडे.

"कधी कधी तो कुठून आलेला नसतोच," बाई म्हणाल्या. "तिथंच नवा तयार होतो. पुरुषाच्या शरीरात बीज सतत नवं तयार होत असतं, आधीच्याची नक्कल होऊन. वय वाढेल तशा नकला वाढतात, आणि एखाद्या नकलेत चूक राहून जायची शक्यताही वाढते. बापाला त्याचा पत्ताही नसतो. चूक मुलीत उतरते आणि तिच्या मुलात दिसते." मग त्यांनी पेनाचं टोक माझ्या कोऱ्या चौकोनाशेजारी टेकवलं. "मालनच्या जन्माच्या वेळी तुमचं वय काय होतं, आजोबा?"

वय विचारणारी माणसं मला जन्मभर भेटली. खरं वय हवं असलेलं हे पहिलंच माणूस.

"अडतीस," मी म्हणालो. मी कुठला, जीभच म्हणाली. वर तिनं हाताला कामाला लावलं आणि हातानं खिशातून मतदानाचं कार्डही काढून दिलं.

बाईंनी कार्ड पाहिलं, मनाशी आकडा जुळवला, चौकोनाशेजारी अडतीस लिहिलं. "अडतीस म्हणजे फार नाही. तरी होऊ शकतं, तसं कुठल्याही वयात होऊ शकतं. वय बरंच जास्त असतं तर मला थोडं जोर देऊन सांगता आलं असतं, इतकंच. खात्रीनं कुणालाच सांगता यायचं नाही."

"म्हंजी ठावं न्हाई," यसूबाई उठत म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात लांब बाकडं होतं. यसूबाई एका टोकाला बसल्या, गजरा दुसऱ्या. मधे मोकळी जागा बघून मीही बसलो. आनंदा उभाच राहिला. यसूबाई त्याला म्हणाल्या, पण आवाज बाकड्याच्या या टोकापर्यंत यावा असा ठेवून, "जीप तीनला निघायची हाय. सिद्धूला घिऊन आपून जाऊ. मालन हितनंच म्हायेरला जाईल."

"आई, त्यो अंगावर पितोय अजून."

"वरचं दूध पाजू. डेरीत हाईस न्हवं तू?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "राग मानू नगा पाव्हणं. तुमी वर्साचं आठ म्हैनं बाजारात. मागं घरात कोन येतंय, कोन जातंय, तुमास्नी काय ठावं? आसंल कुनीतरी, रगात न गोठनारा."

गजरा रडली नाही, तडकून उठलीही नाही. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं पुरं कधी पाहिलं नसेल.

मला कळत होतं. एक आकडा बोलायचा होता. तो बोललो असतो तर डॉक्टरीणबाईंनी जोर दिला असता, गजरावरचा शिंतोडा पुसला गेला असता, मालन तीनच्या जीपमध्ये पोराला मांडीवर घेऊन बसली असती. आणि गजराला कळलं असतं, की सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या बापाच्या दारात उभा होता तो घासलेल्या दातांचा बैल होता. मी घसा साफ केला.

"विहीणबाई," मी म्हणालो, "ऐका. खरसुंडीला एकदा एक गाय आली हुती. पांढरीफेक. वळू बी पांढरा, दुधासारखा. आन कालवड झाली ती काळी कुळकुळीत. आता बोला."

यसूबाईंनी मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "म्या तेच म्हनतीय की, पाव्हणं. वळू दुसरा आसनार."

गजरानं नजर काढून घेतली.

मी उठलो आणि जिना चढून वर गेलो. पळालो म्हटलं तरी चालेल.

मालन सिद्धूला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या हिरडीवर ती बर्फाच्या पाण्यात भिजवलेला बोळा धरत होती, तो तोंड फिरवत होता. तिच्या पदरावर तांबूस डागच डाग.

"आबा, सासूबाई काय म्हनत्यात?"

"काय न्हाई. कालवडीचं चाललंय."

"जीप तीनला हाय न्हवं? मी कपडं भरलं."

सिद्धू माझ्याकडं बघत होता. त्याला हसवायची माझी एक खास युक्ती होती: जिभेनं कवळी पुढं ढकलायची आणि फटकन आत ओढायची. मी तेच केलं. पोरगं खदखदून हसलं. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढे दोन दात दिसले, आणि दोन्ही दातांच्या मुळाशी लाल रेघ उमटली. रेघ फुगली आणि हनुवटीवर ओघळली.

मालननं घाईनं बोळा लावला. माझ्यावर ती रागावली नाही. म्हणाली, "हसलं तरी येतंय, आबा." थोड्या वेळानं खाली मान घालूनच म्हणाली, "माज्यामुळंच झालं न्हवं हे? डाक्टर म्हनल्या, आईकडनं येतंय."

मी म्हाताऱ्या जनावरासारखा नुसता उभा राहिलो. हजार बैल विकणाऱ्या माणसाला 'तुझ्यामुळं नव्हे गं' एवढं एक वाक्य विकता आलं नाही. कारण त्याच्या मागोमाग ती विचारणार, मग कुणामुळं?

"मामा," दारातून आनंदा म्हणाला. "जरा भाईर या."

या आनंदाबद्दल सांगायला हवं. दूध डेअरीत तो दुधाची फॅट लावायचा. कमी बोलायचा, आणि मशीननं सांगितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. सासऱ्याच्या म्हशीचं दूध आलं तरी आधी मशीनखाली धरायचा. त्याचा बाप, बापू, माझं जुनं गिऱ्हाईक. एका खिलार जोडीच्या सौद्यात आमची ओळख झाली आणि तीच पुढं सोयरीक झाली. बापू वारला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

जिन्याच्या वळणावर आम्ही थांबलो.

"आई बोलली ते मला पटत न्हाई," तो म्हणाला. "पन आईला न्हाई म्हनायचं तर माज्या हातात कायतरी पायजे. मी काय दाखवू तिला? कालवड?"

मी खांद्यावरचा रुमाल नीट केला.

"ह्यो बगा. डाक्टरबाईंला अडतीस सांगताना बी तुमचा हात असाच रुमालावर गेला. बापू म्हनायचे, धुळा हेडी थाप मारताना रुमाल चाचपतोय."

"बापूला काय कळतंय..."

"थांबा. तोंडानं नगा सांगू." त्यानं माझ्या खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात माझ्यापुढं धरला.

बाजारात न गेलेल्यांना एवढं सांगायला हवं. आमचा सौदा तोंडी होत नाही. हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. आधी दहाचं, मग सुटं. तोंडानं हेडी हजार बोलेल, त्याला कुणी धरत नाही. रुमालाखाली दाबलेलं बोट मात्र फिरवायचं नाही. ज्यानं फिरवलं, त्याच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालत नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी खरं बोललो असेन, तर त्या वीतभर अंधारात.

"मालन झाली तवा," आनंदा म्हणाला. "किती?"

मी हात आत घातला. त्याचा पंजा गार होता. मला वाटलं, हातही थाप मारील. पण हाताला ते कधी शिकवलंच नव्हतं. मी त्याची पाचही बोटं मुठीत घेऊन दाबली. सोडली. मग पुन्हा चार दाबली.

चोपन्न.

त्यानं वर पाहिलं नाही. रुमालाखाली त्यानं मला तीच खूण उलट दिली, पाच आणि चार, बरोबर ना म्हणून. मी मान डोलावली.

बराच वेळ आम्ही हात तसेच धरून उभे होतो. जिन्यावरून एक बाई डबा घेऊन वर गेली, आमच्याकडं बघत.

"डाक्टरबाईंला खरं सांगितलं असतं," मी म्हणालो, "तर?"

आनंदानं रुमालाची घडी घातली आणि माझ्या खांद्यावर परत ठेवली. "तर काय, मामा. कागदावर अडतीसच्या जागी चोपन्न आलं असतं. पोराचं रगात थांबलं नसतं."

खाली गेल्यावर तो आईला म्हणाला, "मालन संगं येतीय."

"आरं पन..."

"मामांचा आन माजा सौदा झालाय."

"कसला सौदा? काय म्हनाला ह्यो हेडी? किती?"

"रुमालाखालचं सांगत नसत्यात, आई. तू बापूची बायकू हाईस. तुला ठावं हाय."

यसूबाई गप्प झाल्या. पटलं म्हणून नव्हे. पुढंही मरेपर्यंत त्यांनी गजराच्या हातचं पाणी घेतलं नाही. पण नवऱ्याच्या रीतीबाहेर त्या गेल्या नाहीत. तीन वाजता जीप सुटली. मागच्या बाकावर मालन होती, मांडीवर सिद्धू, त्याच्या तोंडात बोळा. तिनं आम्हाला हात केला. ती माझ्याकडं हसून बघत होती, आणि मला ते नको होतं.

आम्ही दोघं एसटीनं निघालो. हडपसर मागं पडलं तरी गजरा खिडकीबाहेरच बघत होती. मी मनात ठरवलं, सासवड येऊ दे, मग बोलतो. सासवड आलं आणि गेलं.

"त्रेपन्न का चोपन्न?" गजरा म्हणाली. खिडकीकडंच बघत.

मी दचकून तिच्याकडं पाहिलं.

"मालन झाली तवा. म्या त्रेपन्न धरलं हुतं."

मी बोटानं वर असं दाखवलं. एक जास्त.

"म्हंजी येकानं चुकली," ती म्हणाली.

"कवा कळलं तुला?"

"बगायला आलासा तवाच. सगळं दात येकसारखं, रेगत बसीवल्यागत. माज्या बापाच्या गोठ्यात बैलं नव्हती व्हय? बापाला बी कळलं हुतं. घरात सहा पोरी, त्यो काय करनार."

"मग तू व्हय का म्हनलीस?"

"म्हातारा बैल मारत न्हाई."

मी हसायला लागलो. ती हसली नाही, म्हणून थांबलो.

"येवढं सगळं ठावं हुतं," मी म्हणालो, "तर मगाशी त्या बाईच्या तोंडावर का फेकलं न्हाईस? तुज्यावर काय काय बोलली ती."

गजरानं मान वळवली. बाकड्यावर पाहिलं होतं, तसंच पुरं माझ्याकडं पाहिलं.

"तुमी बोलशीला म्हनून. मला वाटलं, कवळी बाजूला काढून का हुईना, पन आज ह्यो मानूस बोलनार. तुमी कालवड सांगितलीसा." मग ती हलकेच म्हणाली, "जावयाला बोटानं सांगितलंसा म्हनं काय ते. मला तोंडानं पायजे हुतं."

मी तोंड उघडलं. तिला ठाऊक असलेलाच आकडा होता तो. आता लपवायचंही काही उरलं नव्हतं. नुसता एक शब्द म्हणायचा होता.

"पन ती कालवड," मी म्हणालो, "पुढं दूध लई द्यायची."

गजरा परत खिडकीकडं वळली. गाव येईपर्यंत ती तशीच होती.

ती गेली, त्याला सहा वर्षं झाली.

आता मी चावडीवर माझं वय एकशे सात सांगतो. मतदानाचं कार्ड काही वेगळंच सांगतं. लोक हसतात, खरं सांगितलं तरी तेवढेच हसतील. सिद्धू पंधरा वर्षांचा आहे. इंजेक्शन वेळेवर मिळालं की बरा असतो, उशीर झाला की सांध्यात रक्त उतरतं. डावा गुडघा आता पुरता सरळ होत नाही. सायकल बंद, कबड्डी बंद. शाळा सुटली की येतो आणि माझ्याजवळ बसतो. त्यामुळं बाजारातल्या माझ्या सगळ्या थापा त्याला पाठ आहेत. आईसाठी हंबरणारा बैल तर तो माझ्यापेक्षा रंगवून सांगतो. रुमालाचा खेळही मीच त्याला शिकवला. आधी दहाचं, मग सुटं. इथं खोटं चालत नाही, हेही.

गेल्या महिन्यात गुडघा फुगला म्हणून त्याला तालुक्याला नेला. आनंदा औषधाच्या खिडकीशी गेला होता, मालन नर्सबाईंशी बोलत होती. सिद्धूच्या डाव्या हाताला सुई लावलेली. मी कॉटशेजारी स्टुलावर. त्यानं उजवा हात लांब केला, माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि त्या हातावर पसरला.

"आबा, किती?"

"कशाचं? बैल कुठाय?"

"बैल न्हाई." तो छताकडं बघत होता. "माजं. आजून किती वर्सं?"

मी रुमालाखाली हात घातला. त्याची बोटं लांब झाली आहेत, गजराच्या बोटांसारखी. ती सरळ, मोकळी ठेवून तो थांबला होता. तोंडानं मी त्याला दोनशे सांगितली असती. त्यानं तोंडाला विचारलं नव्हतं.

मी त्याचा हात नुसता धरून ठेवला. कुठलंच बोट दाबलं नाही. त्यानंही हात काढून घेतला नाही. नर्सबाई येऊन सुई काढेपर्यंत आम्ही तसेच होतो.